औषध चालू असताना रक्तदाबाचा चढउतार व थकवा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी वा बायपास झालेला, अथवा वर्षानुवर्षे रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा मनुष्य आपल्या बहुतेकांच्या घरात किंवा शेजारी असतो. त्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. "सकाळी दीडशे भरतो, संध्याकाळी एकशे दहा, मग खरा कोणता?" ही पहिली. "गोळ्या सुरू झाल्यापासून अंगात त्राणच राहिले नाही," ही दुसरी. या दोन तक्रारींतून तिसरी गोष्ट निघते आणि तीच घातक ठरते. ती म्हणजे, रुग्ण आपल्या मनानेच गोळी बंद करतो. तेव्हा हा विषय सभासदांनी, आणि विशेषतः घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींनी, नीट समजून घ्यावा या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ७० ठोके देते व दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. हे रक्त रोहिण्यांच्या भिंतींवर जो दाब देते तो रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा खालचा आकडा. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि १७३३ साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. रक्त आठ फुटांहून वर चढले होते, आणि ते एका जागी स्थिर न राहता सारखे खालीवर होत होते. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दिली व १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी तिला स्टेथोस्कोपची जोड दिली.

सारांश, रक्तदाब हा हलता आकडाच आहे. झोपेत तो उतरतो, पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. जिना चढला, भांडण झाले, थंडी वाजली, लघवी तुंबून धरली तरी तो वाढतो. मनुष्य उठून उभा राहिला की अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. ते तत्काळ मेंदूला खबर देतात, हृदय वेग वाढवते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात व तोल सांभाळला जातो. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. वय झाल्यावर, मधुमेहात, आणि औषध चालू असताना ही व्यवस्था मंदावते. मग उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याची नोंद करून डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

मोजण्यातही पुष्कळ चुका होतात. बाजारातून धापा टाकत आलेल्या माणसाला तसेच पट्ट्यात बांधतात, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा आवळतात, हात लोंबकळत ठेवतात, आणि मोजताना गप्पा चालू! यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा फुगतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी तो फुगतो. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, विडी वर्ज्य करावी. लघवी करून यावे, पाठ टेकून पाच मिनिटे स्वस्थ बसावे, हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवावा आणि दोनदा मोजावे. दंडावरचे यंत्र मनगटावरच्यापेक्षा बरे. नाडी अनियमित असणाऱ्यांनी मात्र बॅटरीच्या यंत्रावर सर्वस्वी विसंबू नये. दिवसातून दहा वेळा मोजण्याची सवय वाईटच. तिने काळजी वाढते आणि काळजीने रक्तदाब वाढतो. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीच्या आठवड्यात सकाळी गोळीपूर्वी व संध्याकाळी मोजले की पुरेसे होते. त्या आकड्यांच्या सरासरीला जे महत्त्व आहे ते एखाद्या सुट्या आकड्याला नाही.

आता थकव्याकडे वळू. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्या बीटा-ब्लॉकर वर्गातल्या. या वर्गातल्या प्रोप्रॅनोलॉलच्या शोधासाठी व अन्य कार्यासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या गोळ्या हृदयाला सावकाश चालायला लावतात. हृदयाचे काम कमी झाले की त्याची प्राणवायूची गरज कमी होते, हाच त्यांचा गुण. पण जिना चढताना हृदयाने जो वेग घ्यायचा तोही त्या घेऊ देत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर पाय जड होतात, हातपाय गार पडतात. म्हणजे येथे गुण आणि त्रास एकाच क्रियेतून निघतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत हा थकवा अधिक जाणवतो व पुष्कळांचा पुढे कमी होतो. न झाल्यास डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात.

लघवीच्या गोळीने, म्हणजे फ्युरोसेमाइड वा हायड्रोक्लोरोथायझाइडने, पाण्याबरोबर सोडियम-पोटॅशियमही निघून जाते आणि स्नायू गळल्यासारखे होतात. हीच गोळी रात्री घेतली तर झोपमोड होते आणि दिवसभर माणूस मरगळलेला राहतो. वेळ बदलून चालेल का, हे विचारायला संकोच कशाचा? अॅम्लोडिपिनने पावलांवर सूज येते, रॅमिप्रिल-एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो. कोलेस्टेरॉलच्या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. जिभेखालची गोळी नेहमी बसून घ्यावी, कारण तिने दाब झपाट्याने उतरतो.

तथापि सगळा दोष गोळीवर टाकू नये. रक्त कमी असणे, थायरॉइड मंदावणे, साखर वाढणे, झोपेत घोरताना श्वास अडकणे, झटक्यानंतर मनाने खचणे, यांतल्या प्रत्येकाने थकवा येतो. आपल्या भगिनींमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे इतके सर्रास आहे की त्यांच्या बाबतीत ती तपासणी आधी व्हावी. पूर्वी जो दोन जिने सहज चढत होता त्याला महिन्याभरात एकाच जिन्यात दम लागू लागला, पाय सुजले, वजन चार दिवसांत दोन किलोने वाढले, तर तो साधा थकवा नव्हे. हृदय कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

गोळी एकाएकी बंद करण्याचे परिणाम वाईट आहेत. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवला की दाबून ठेवलेले हृदय उसळून धावू लागते व छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो. एखादी मात्रा राहून गेली म्हणून पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नयेत. उलट चूकही घडते: रुग्णालयाने एका नावाची गोळी दिली, गल्लीतल्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची, आतले औषध एकच आणि रुग्ण दोन्ही घेत राहतो! पट्टीवरचे मूळ औषधाचे नाव वाचण्याचे काम घरातल्या विद्यार्थ्याने अंगावर घ्यावे.

घरगुती बाबींपैकी मिश्रीचा उल्लेख केलाच पाहिजे. ती तंबाखूच आहे आणि तिने नाडी व दाब दोन्ही चढतात. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" हे म्हणणे शरीराला मान्य नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या, आत असावे. लोणचे, पापड, खारे सुके बोंबील यांतले मीठही त्यातच धरावे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेनसारखी गोळी दाब वाढवते आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांत दाब फार उतरू शकतो. अशा दिवसांत कोणती गोळी कमी करायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. १४ ऑक्टोबरला वा ६ डिसेंबरला तासन्‌तास रांगेत उभे राहणाऱ्या वयस्क मंडळींनी उपाशीपोटी जाऊ नये, उभ्याउभ्या पोटऱ्या आवळत-सोडत राहावे व घेरी येताच लाज न बाळगता खाली बसावे. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर व्हावे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि नंतरच उभे राहावे. छातीत दाटणे, घाम सुटणे, शुद्ध हरपणे, बोबडी वळणे किंवा एक बाजू लुळी पडणे यांत यंत्र शोधत बसू नये. १०८ वर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाताना आकड्यांच्या वहीबरोबर गोळ्यांच्या पट्ट्याही न्याव्यात. "सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी" एवढ्यावरून कोणत्याही डॉक्टरला औषध ओळखता येत नाही.