मोटारसायकलचा न सुटणारा क्लच : दोष कोठे शोधावा?

शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र अथवा तालुक्याचे कार्यालय यांच्या कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या व्यक्तीला आज मोटारसायकलवाचून चालत नाही. शाळा सुटण्याच्या वेळी मुले अकस्मात रस्त्यावर आली, तर चालक क्लच दाबून ब्रेक लावतो. अशा वेळी क्लच पूर्णपणे सुटला नाही, तर इंजिनाचा जोर चाकाकडे जातच राहतो आणि ब्रेक जरा सैल होताच गाडी हिसका देऊन पुढे सरकते. म्हणून हा दोष केवळ गैरसोयीचा मानणे योग्य नव्हे. शिवाय, त्याचे मूळ न शोधल्यामुळे चांगल्या क्लच प्लेटा बदलण्याचा खर्चही विनाकारण होतो.

क्लचचे कार्य

बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात चालणारा व अनेक प्लेटांचा असतो. सर्वसाधारण रचनेत घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटा इंजिनाने फिरविलेल्या बाहेरच्या डब्यात बसतात. त्यांच्या आड एकेक पोलादी प्लेट असते व ती गिअरबॉक्सशी जोडलेल्या मधल्या भागावर बसते. स्प्रिंगा हा सर्व थर एकत्र दाबून धरतात. हॅण्डलवरील लिव्हर दाबताच केबल ओढली जाते, इंजिनाच्या बाजूची तरफ फिरते आणि प्रेशर प्लेट उचलली जाते. हे उचलणे साधारणपणे दीड-दोन मिलिमीटरच असते व तेवढीच फट सर्व प्लेटांत वाटली जाते. त्यामुळे लिव्हरपासून प्लेटांपर्यंतच्या मार्गात थोडीशी चाल वाया गेली, तरी प्लेटा एकमेकींना घासत राहतात. ही चाल कोठे हरवते, हे शोधणे म्हणजेच दोषाचे निदान होय.

लक्षणे

लिव्हर पूर्ण दाबूनही पहिल्या गिअरमध्ये गाडी पुढे सरकू पाहते, गिअर खडखडत पडतो, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, किंवा थांबताना इंजिन बंद पडते. क्लच घसरण्याचा दोष याच्या नेमका उलट आहे. त्यात इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. या दोहोंची गल्लत केल्यास उपायही उलटा होतो.

खात्रीसाठी सपाट जागी इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा, लिव्हर पूर्ण दाबावी व गाडी ढकलून पाहावी. ती बरीचशी सहज सरकली पाहिजे. मात्र गाडी रात्रभर उभी असल्यास तेलामुळे प्लेटा किंचित चिकटतात. अशा वेळी गाडी याच स्थितीत दोन-चार वेळा पुढेमागे ढकलल्यास त्या मोकळ्या होतात. इंजिन तापल्यावरही त्रास कायम राहिला, तरच तो दोष समजावा.

तपासणीचा क्रम

तपासणी बाहेरून आत करावी. प्रथम लिव्हरच्या टोकाची मोकळी चाल मोजावी. अनेक लहान मोटारसायकलींच्या माहितीपुस्तिकांत ती १० ते २० मिलिमीटर दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्यावा. चाल याहून अधिक असल्यास लॉकनट सैल करून ॲडजस्टरने ती कमी करावी. परंतु ती अजिबात शून्य करू नये. तसे केल्यास क्लच घसरू लागतो व प्लेटा जळतात.

त्यानंतर केबल पाहावी. तिच्या तारा तुटल्या आहेत काय, आवरण कोठे मुडपले आहे काय, लिव्हरच्या पिनेचे भोक झिजून मोठे झाले आहे काय, हे बारकाईने पाहावे. तारा तुटू लागलेली केबल जोडत न बसता बदलावी.

आता या तपासणीतील निर्णायक पायरी येते. एकाने लिव्हर दाबावी व दुसऱ्याने इंजिनाजवळची तरफ किती फिरते ते पाहावे. इंजिन बंदच ठेवावे. तरफ अपुरी फिरत असेल, तर दोष बाहेर, म्हणजे केबल अथवा लिव्हरमध्ये आहे. तरफ पूर्ण फिरूनही क्लच सुटत नसेल, तर दोष आत आहे.

आत जाण्यापूर्वीही तेल पाहावे. फार जुने, जरुरीपेक्षा जाड किंवा प्रमाणाबाहेर भरलेले तेल प्लेटांना मोकळे होऊ देत नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच तेल योग्य पातळीपर्यंत भरावे. काही गाड्यांत तरफेच्या आत स्वतंत्र ॲडजस्टिंग स्क्रूही असतो. त्याची जुळणी तपासून घ्यावी.

एवढ्याने भागले नाही, तरच क्लच उघडावा. अर्धवट क्लच दाबून चालविण्याच्या सवयीने पोलादी प्लेटा तापून निळसर होतात व वाकतात. सपाट काचेवर ठेवल्यास त्यांचा वाक दिसतो. बाहेरच्या डब्याच्या खाचांच्या कडांवर प्लेटांच्या दातांनी घाव पडले असतील, तर प्लेटा त्यांत अडकतात. मग नव्या प्लेटा घालूनही दोष जात नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. स्प्रिंगांची लांबी असमान असल्यास प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते, म्हणून स्प्रिंगा संपूर्ण संचानेच बदलाव्यात.

न सुटणाऱ्या क्लचवर गाडी रेटत राहिल्यास गिअरचे दातही झिजतात आणि थोडक्यातले काम मोठ्या खर्चाचे होते. म्हणून महिन्यातून एकदा मोकळी चाल मोजावी व केबलची पाहणी करावी. गॅरेजमध्ये जाताना "क्लच खराब झाला आहे" एवढेच सांगू नये. चाल किती आहे, तरफ पूर्ण फिरते की नाही आणि तेल केव्हा बदलले, या तीन गोष्टी सांगाव्यात. त्यामुळे मेकॅनिकचा वेळ वाचेल, आपला पैसा वाचेल, आणि शाळेसमोर गाडी थांबवायची वेळ आली, तर ती खात्रीने थांबेल.