अनेक सांध्यांचे दुखणे : आधी निदान, मग गोळी

एकाच वेळी अनेक सांधे दुखणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. वयोमानाने होणारी झीज, आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस), चिकुनगुन्यानंतर रेंगाळणारी सूज, वाढलेले युरिक ॲसिड, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, ल्युपस, थायरॉइडचा बिघाड अशी कितीतरी कारणे त्यामागे असतात. गोव्यात साखळी-डिचोलीकडे या सगळ्यांना मिळून ‘वात’ म्हटले जाते आणि औषधही एकच शोधले जाते. गडबड तिथेच होते.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने 1996 मध्ये भिगवण या गावात घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडा-सांध्यांच्या तक्रारी होत्या. आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला. म्हणजे दुखणाऱ्या बहुतेकांना झीज किंवा स्नायूंचा त्रास असतो, आणि त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. उशीर भोवतो तो त्या थोड्यांना. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पहिल्या काही महिन्यांत तिला आवर घातला नाही, तर हाडाची कड कुरतडली जाते, आणि वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही.

झीज आणि दाह यांतला फरक घरीही बराचसा ओळखता येतो. झिजेचा गुडघा चालल्यावर, जिना चढल्यावर दुखतो आणि बसल्यावर निवतो. दाहाचा सांधा उलट वागतो: रात्रभराच्या विश्रांतीनंतर तो सर्वांत जास्त आखडलेला असतो. सकाळी फडके पिळता येत नाही, आदोळीवर नारळ खोवताना मनगट धरते, कालपर्यंत सैल असलेली अंगठी निघत नाही. हा ताठरपणा झिजेत पाच-दहा मिनिटांत सुटतो. आमवातात अर्धा तास, कधी तासाहून जास्त टिकतो. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दुसऱ्याने मुठीत धरून आडवे हलके दाबले आणि कळ आली, दोन्ही हातांना आली, आणि हे सहा आठवडे चालले असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. तरुण माणसाची कंबर पहाटे दुखून झोपमोड करत असेल आणि हालचालीने बरे वाटत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो. त्याला ‘वजन उचलले असेल’ म्हणून सोडू नये.

चिकुनगुन्याचा विचार पावसाळ्यानंतर मुद्दाम करावा. 1973 मध्ये बार्शीत या तापाची मोठी साथ आली होती. नंतर तो जणू नाहीसा झाला आणि 2005-06 मध्ये देशभर परतला. ताप आठवड्यात उतरतो, सांधे मात्र काही जणांचे महिनोन्‌महिने धरलेले राहतात आणि चित्र हुबेहूब आमवातासारखे दिसते. म्हणून ताप कधी आला, घरात-वाड्यावर आणखी कुणाला आला, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण सांगावे.

तपासण्यांवर भिस्त ठेवणारे पुष्कळ. ‘आरए फॅक्टर’ निरोगी माणसातही कधी सापडतो आणि आमवाताच्या काही रुग्णांत सापडतच नाही. अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी अधिक नेमकी, तरी तीही एकटी निकाल देत नाही. 2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत दहापैकी सहा गुण झाले की आमवात धरतात. त्या दहांतले पाचपर्यंत गुण किती आणि कोणते सांधे धरले यालाच आहेत. हात न बघता नुसता रिपोर्ट वाचणाऱ्याने अर्धी परीक्षा घेतलेलीच नसते. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येणे हेही नेहमीचेच.

सर्वांत महागात पडते ती दोन दिवसांत उठवून बसवणारी बिननावाची पुडी. 1948 मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णांना कॉर्टिझोन दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळाले, पण दुष्परिणामही तोवर दिसू लागले होते. ‘झाडपाल्याच्या’ पुडीत कधी याच जातीचे स्टेरॉइड मिसळलेले असते. साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात. शिवाय सूज दबल्यामुळे तज्ज्ञाला काही सापडत नाही. अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे, ते डॉक्टरांना विचारूनच करावे. निरगुडीच्या पाल्याचा शेक बिचारा निरुपद्रवी. आयुर्वेदच हवा असेल, तर पेडण्यात धारगळला 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय आहे. तिथे औषध नावानिशी लिहून मिळते आणि ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येते.

साखळीच्या सामाजिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करावी आणि चिठ्ठी घेऊन म्हापशाचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) गाठावे. लोक सवयीने हाडांच्या विभागात रांग लावतात. सुजलेल्या अनेक सांध्यांसाठी रूमॅटोलॉजिस्ट, ते नसतील तर मेडिसीन विभाग योग्य. या लेखामागेही एक जाडजूड फाईल आहे, आणि तिने शिकवलेले एवढेच: कागद तारखेप्रमाणे लावावेत आणि वर एका पानावर कोणता सांधा कधी धरला, कोणत्या गोळीने काय झाले, ते लिहावे. सुजलेल्या हाताचा सकाळी काढलेला फोटो दुपारच्या ओपीडीत उपयोगी पडतो.

आमवात ठरला तर बहुधा मेथोट्रेक्सेट सुरू होते. ते वेदनाशामक नाही. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तेवढ्यात ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडणारे बरेच. रक्त व यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्यात, फेणी दूर ठेवावी, गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच सांगावे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास ती जिवावर बेतते. म्हणून फार्मसीची खिडकी सोडण्यापूर्वी पाकिटावर गोळीचा वार ठळक अक्षरांत लिहून घ्यावा आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो सांगून ठेवावा.