नासाडी कुणाची?

ताटात उष्टे टाकू नये, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. ते योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली घरे, खाणावळी व दुकाने मिळून जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले; त्यात निम्म्याहून अधिक वाटा घरांचा होता. परंतु दुसरीही एक मोजणी आहे. अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार पीक काढल्यापासून किरकोळ दुकानात पोचण्याच्या आतच जगातले १४ टक्के अन्न, किमतीच्या हिशेबाने, नाहीसे होते. त्याविषयी आपण क्वचितच बोलतो.

नाशिककडचा उन्हाळ कांदाच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये तो निघतो, सुकवून चाळीत भरतात आणि दिवाळीच्या आगेमागेपर्यंत पुरवून विकतात. चाळीत त्याला तीन वाटा फुटतात. पाणी उडून वजन घटते, ती घट. पावसाळी दमट हवेत लागते ती सड. आणि कांद्याची झोप संपली की येतात ते कोंब. चार-पाच महिन्यांत ३० टक्के माल जाणे ही नवलाची गोष्ट नाही.

आता हिशेब पाहू. हजार रुपये क्विंटलचा भाव असताना १०० क्विंटल कांदा विकला असता, तर एक लाख रुपये हाती आले असते. चाळीत ७० क्विंटलच उरला, तर तेवढ्याच पैशांसाठी सुमारे १,४३० रुपये भाव मिळायला हवा. चाळीचा खर्च वेगळाच. (मागणी-पुरवठ्याच्या वक्रावर ही सड कुठे दाखवायची, हे मला अर्थशास्त्राच्या तासाला अजून उमगलेले नाही.) पंगतीतल्या उष्ट्याला आपण उधळेपणा म्हणतो, पण चाळीतल्या सडीला तो शब्द लावणे मला अन्यायाचे वाटते. इथे टाकणारा आणि गमावणारा एकच असतो, आणि टाकणे त्याच्या मर्जीचे नसते.

उपाय झाले नाहीत असे नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कोंब थांबतात. सड व घट मात्र त्याने थांबत नाही. त्यासाठी पुढे थंड साठवण लागते. लहान शेतकऱ्याला चाळच परवडते. आमच्या घरी श्रावणात चाळ उपसून बायका सडका कांदा वेचतात. त्या मजुरीचा बोजाही उरलेल्या चांगल्या कांद्यावरच पडतो.