बोरिक ॲसिड : कॅरमच्या पावडरीपासून द्राक्षबागेपर्यंत

"बोरिक ॲसिड म्हणजे काय?" असं वर्गात विचारा, सगळे गप्प. "कॅरमवर टाकतो ती पावडर?" म्हणा, सगळे हात वर! पुष्कळदा ती बोरिक पावडरच असते. नावात ॲसिड असलं तरी बोटाला चटका बसत नाही, कारण हे फार सौम्य आम्ल आहे. पांढरे, गुळगुळीत कण एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी पळते.

सूत्र एच-थ्री-बी-ओ-थ्री. १७०२ मध्ये विल्हेल्म होम्बर्गने टाकणखारापासून ते पहिल्यांदा तयार केलं. कृती साधी आहे : गरम पाण्यात टाकणखार विरघळवायचा, सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि थंड होऊ द्यायचं. उकळत्या १०० मिली पाण्यात हे ॲसिड २५ ग्रॅमच्या वर विरघळतं, थंड पाण्यात जेमतेम ५ ग्रॅम. उरलेलं स्फटिक होऊन तळाशी बसतं. (विद्राव्यता शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.)

आपल्या नाशिकच्या मुलांना द्राक्षबाग नवी नाही. निफाड-दिंडोरीकडे घरी बाग असलेल्या मुलाला विचारा, फुलोऱ्याआधी बोरॉनची फवारणी कशाला? बोरॉन कमी पडलं तर फळधारणा नीट होत नाही, एकाच घडात बारीक-मोठे मणी दिसतात. पण गरज अगदी थोडी; जास्त झालं तर पानं करपतात.

झुरळांसाठी कणीक, साखर आणि बोरिक पावडरच्या गोळ्या आपण करतो. म्हणजे पोटात गेल्यावर ते विष आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. तरीही वर्षाच्या तांदळाला, डाळीला कीड लागू नये म्हणून तीच पावडर चोळतो! अन्नात बोरिक ॲसिड घालायला आपल्याकडे परवानगी नाही. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ; लहान मुलांना थोडंही जड जातं. पूर्वी बाळाच्या लंगोटाच्या पुरळावर ही पावडर लावत, त्यातूनही विषबाधा झाल्या आहेत. सोललेल्या कातडीतून ती अंगात भिनते.

हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सरांनी मुलांसमोर एक चाचणी जरूर करावी. नमुन्याच्या पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हळदीचा कागद बुडवायचा आणि वाळवायचा. बोरिक असेल तर कागद तांबडा होतो.

धान्याला कडक ऊन द्या, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. आधीच पावडर लावलेला तांदूळ घरात असेल, तर चार-पाच पाण्यांनी चोळून धुवा. आणि कॅरमचा डबा स्वयंपाकघरात ठेवू नका. पिठीसाखर आणि ही पावडर दिसायला सारखीच.