गाळ निघाल्याशिवाय पावडर नको

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं, तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गोठ्यात घोट्याच्या वर गाळ होता. म्हशी माळावरच्या पाहुण्यांकडे सुखरूप होत्या, त्यामुळे मोठं संकट टळलं असंच वाटत होतं. मदतीतून ब्लीचिंग पावडरच्या पिशव्या आल्या आणि गल्लीभर ती ओल्या गाळावरच भुरभुरली गेली. जमीन पांढरी दिसली, वास दबला, जनावरं परत दावणीला आली. पुढच्या काही आठवड्यांत गल्लीतल्या कितीतरी म्हशींना दगडी झाली. कास सुजलेली, सड गरम, धार काढावी तर गुठळ्या. पुरातून वाचवलेलं जनावर घरी आल्यावर आजारी पडतं, याचा फार त्रास होतो. म्हणूनच हे लिहितेय.

जनावरांच्या डॉक्टरांनी कारण समजावलं. पावडरीतला क्लोरीन शेण-गाळाशी भिडूनच संपतो, जंतूंपर्यंत त्याचा जोर उरतच नाही. शिवाय मूत मुरलेल्या जागी ती टाकली की डोळे झोंबणारा, छाती कोंडणारा वायू सुटतो. तेव्हा औषध गाळ निघाल्यावरच. आधी खोरं, मग पाणी, मग औषध आणि शेवटी वाळवण.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा आम्ही हाच क्रम धरला. आत पाऊल टाकण्याआधी मेन स्विच बंद केला. कडबाकुट्टीची मोटर वायरमनला दाखवल्याशिवाय चालू करायची नाही, हे घरात बजावून ठेवलं. गमबूट आणि हातमोजे घालाच. पायाला चीर असेल तर पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पोती, फळ्या हातानं उचलू नका, आधी काठीनं हलवा. पुरात साप अशाच जागी आसरा घेतात.

गाळ ओला आहे तोवरच ओढून काढावा. वाळला की टणक होतो आणि काम दुप्पट वाढतं. भिंती वरून खाली धुवाव्यात, जमीन शेवटी. धुण्याचा सोडा, 10 लिटर पाण्याला 400 ग्रॅम, घालून खराट्यानं घासलं की फरशीवरचा चिकट थर सुटतो. गव्हाणीचे कोपरे आणि मुताची नाली यांना मात्र हातात ब्रश घेऊनच भिडावं लागतं.

आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. वरून लख्ख दिसत होती. पण एका कोपऱ्यावर पाय दिला आणि सांध्यातून काळं पाणी वर आलं, कुजक्या अंड्याच्या वासाचं. पहारीनं फरशी उचलली तर खाली बोटभर सडका गाळ साचलेला. म्हशी कास टेकून बसतात ती नेमकी हीच जागा! हलणारी प्रत्येक फरशी काढून, खालचा गाळ खरवडून पुन्हा बसवली. जमीन मुरमाची असेल तर वरचा वीतभर थर काढून लांब टाकावा, चुना मारावा आणि नवा मुरूम भरावा. चुना ओला आणि ताजा असताना जनावर त्यावर बांधू नये, सड भाजतात.

मग ब्लीचिंग. 10 लिटर पाण्यात साधारण 300 ग्रॅम कालवून निवळू द्यावं आणि वरची निवळी जमिनीवर, भिंतीच्या खालच्या भागावर, गव्हाणीत मारावी. दारं-खिडक्या उघड्या, जनावरं बाहेर. फिनेल किंवा ॲसिडबरोबर ती कधीही मिसळू नये. अर्ध्या तासानं स्वच्छ पाण्यानं धुऊन टाकावं. जुनी, तोंड उघडं राहिलेली पावडर निकामी झालेली असते, ती वापरण्यात अर्थ नाही.

खरी परीक्षा वाळवणीची. घरच्यांना घाई असते, दुसऱ्याच्या दारात जनावरं किती दिवस ठेवायची? पण इथे कुणाचं ऐकू नका. रात्री जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून कडेनं दगड ठेवा. सकाळी कागदाखाली दव धरलेलं दिसलं, तर ओल अजून आत आहे. भिंतीला चुन्याचा हातही ओल गेल्यावरच द्यावा, नाहीतर पोपडे धरतात.

भिजलेली पेंड आणि बुरशी धरलेला कडबा टाकूनच द्या. वाळवून खाऊ घालायचा मोह होतो, पण बुरशीचं विष जनावराच्या पोटातून दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात. गाळ बसलेलं उसाचं वाडं धुतल्याशिवाय घालू नका. घटसर्प-फऱ्याची लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारा.

जनावरं परत आणल्यावर काही दिवस धारेआधी सड पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यानं धुऊन कोरडे पुसा आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा गडद रंगाच्या वाटीत काढून बघा. गुठळी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. त्या सडाचं दूध डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका.