राजीनाम्यावर सही करण्याआधी

बारामती एमआयडीसीत पॉवर प्रेसवर माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी कंत्राटी कामगार, घर इंदापूर तालुक्यात. टाके निघायच्या आतच कंत्राटदाराचा माणूस राजीनाम्याचा कागद घेऊन आला. "सही कर, थोडे पैसे लगेच देतो." घरचेही म्हणत होते, "आता कारखाना नको, शेळ्या राख." त्यांची माया खरी होती, पण त्या मायेनंही माणूस कायमचा घरी बसतो.

गावातल्या एका जुन्या युनियनवाल्या काकांनी सही करू दिली नाही. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्यात टिकत नाही आणि कंत्राटदारानं हात वर केले तरी मूळ मालकाची जबाबदारी राहते, हे त्यांच्याकडूनच कळलं. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचं परिशिष्टही त्यांनी दाखवलं. एका हाताची तीन बोटं गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली, असं त्यात धरलं आहे. म्हणजे ७० टक्के शाबूत! दवाखान्यात हे कुणी बोललं नव्हतं.

भरपाई मिळायला वेळ लागला. कामावर परतणं त्याहून अवघड होतं. व्यवसायोपचार करणाऱ्या ताईंनी जाड मुठीचं पेन धरायला लावलं, डाव्या हातानं गेज वापरायचा सराव करून घेतला. मग मी कंपनीकडे लेखी अर्ज केला: प्रेस नको, तपासणी विभागात घ्या. आज तिथंच आहे. जखम भरली की लगेच विचारा. वर्षभर घरी बसलेल्या माणसाला कुणी सहज परत घेत नाही.

सरकारी नोकरीत असाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा पाठीशी आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. खासगीत ही हमी नाही, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. नवं काम शिकायचं असेल तर मुंबईत सायनला दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे.

आपल्याकडे कडबाकुट्टीत हात गेलेल्या बायका गावोगाव आहेत. त्यांना कारखान्याचा कायदा लागत नाही, पण गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेल्यास १ लाख रुपये मिळतात. सातबारावर त्यांचं नाव नसलं, तरी खातेदाराच्या घरातल्या एका व्यक्तीला ही योजना लागू होते. प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तुमच्या वस्तीवर अशी कुणी असेल, तर आजच तिच्या घरी जाऊन हे सांगा.