रुग्णनोंदींचा मध्यक कसा काढावा?

१९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठाच्या पदव्युत्तर आयुर्वेद प्रबंधांत संख्याशास्त्र आता नित्याचे आहे. स्वतःच्या चिकित्सालयातील नोंदींकडे मात्र आपण क्वचितच त्या दृष्टीने पाहतो. 'सरासरी इतक्या दिवसांत उपशय' असे विधान करण्यापूर्वी मध्यक काढून पाहावा, असे आम्ही सुचवितो.

समजा, अम्लपित्ताच्या नऊ रुग्णांत अम्लोद्गार थांबण्यास लागलेले दिवस असे आहेत : ९, ५, ४१, ७, ६, ८, ५, १२, ६. प्रथम ते चढत्या क्रमाने मांडावेत : ५, ५, ६, ६, ७, ८, ९, १२, ४१. पुन्हा आलेली संख्या तितक्याच वेळा लिहावी; येथेच बहुधा घोटाळा होतो. नऊ ही विषम संख्या, म्हणून तीत एक मिळवून निम्मे करावे. पाचव्या स्थानावरील ७ दिवस हा मध्यक होय. सरासरी मात्र ११ दिवस येते, आणि नवांपैकी सात रुग्णांना तर त्यापूर्वीच उपशय मिळालेला आहे! एका जीर्ण रुग्णाने सरासरी ओढून नेली.

आता दहाव्या रुग्णाचा अम्लोद्गार ४५ दिवसांनंतरही थांबला नाही, असे धरू. सरासरीसाठी त्याचा आकडाच उपलब्ध नाही; म्हणून असा रुग्ण तक्त्यातून निमूटपणे गळतो आणि औषधाचे यश फुगते. मध्यकासाठी तो सर्वांत शेवटी आहे, एवढे कळले तरी पुरते. दहा ही सम संख्या, म्हणून पाचव्या व सहाव्या स्थानांवरील ७ आणि ८ यांच्या मधला, म्हणजे ७.५ दिवस, हा मध्यक. उपचार मध्येच सोडून गेलेल्या रुग्णास मात्र असे शेवटी बसविता येत नाही. तो बरा झाला की कंटाळला, हे आपणांस ठाऊक नसते. अशांची संख्या स्वतंत्र नोंदवावी.

शूल, दाह इत्यादी लक्षणांना आपण ० ते ३ अशी श्रेणी देतो, तेथे मध्यकच युक्त. २ वरून ३ ही वाढ ० वरून १ एवढीच असते, असे कोण म्हणेल?

औषधालयचालकांनाही मध्यक उपयोगी आहे. च्यवनप्राशाच्या दैनंदिन विक्रीचा मध्यक नेहमीचा दिवस दाखवितो; एखादे दिवशी मोठी घाऊक मागणी आली तरी तो फारसा ढळत नाही. परंतु महिन्याचा साठा ठरविताना मध्यकास तिसाने गुणू नये. तेथे एकूण विक्रीच पाहावी लागते, आणि त्यासाठी सरासरीच बरी.